हर्मिनचं दुसरं माहेर

गेर्नोटशी माझा घटस्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई टेकडी चढून माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "कॉफी आहे का?"

मी म्हटलं, "आहे. पण आता तुला हाक काय मारू? आई तर म्हणता येणार नाही."

"हर्मिन म्हण. नाव आहे मला." मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, "बरंच झालं. आई म्हणायचीस तेव्हा तुझ्याशी धड भांडता यायचं नाही."

ती कसर तिने पुढे भरून काढली. गेर्नोट व्हिएन्नाला गेला, त्याने दुसरं लग्न केलं, आणि आम्ही दोघी होतो तिथेच राहिलो. ती खाली रस्त्याकडेच्या घरात, मी वर सफरचंदांच्या बागेपलीकडे, माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांजवळ. ती मला अंडी द्यायची, मी तिला मध. रविवारी पत्ते. पत्त्यांत ती सर्रास लबाडी करायची आणि पकडली गेली की म्हणायची, "रिकी, म्हाताऱ्या माणसाची नजर कमी झालीय, तुला काही दयामाया?"

मधमाश्या हाच माझा धंदा. उन्हाळ्यात पेट्या गाडीत घालून मी वर डोंगरात नेते आणि फुलोरा संपला की खाली आणते. गाडी माझ्या वडिलांची, सामान वाहायची जुनी व्हॅन. कधीकाळी निळी होती. इतकी वर्षं पेट्या वाहून तिच्या फळ्यांत मेण मुरलं होतं. ऊन लागलं की आतून मधाचा आणि धुराचा वास सुटायचा. बाजूचं दार आतून उघडत नसे, त्याला मी दोरी बांधली होती. चढावर चौथा गिअर निसटायचा, म्हणून तो हाताने दाबून धरावा लागे.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मी गाडी धूत होते. हर्मिन कुंपणाला टेकून बघत उभी होती. पंचाहत्तरी नुकतीच झाली होती तिची.

"या गाडीत झोपता येतं का गं?"

"मधमाश्यांना येतं."

"माणसाला?"

"कुठल्या माणसाला?"

"मला. आणि तुला. मला पोर्तुगालला जायचंय."

मी पाण्याचा पाइप खाली ठेवला. लहानपणी ती काही काळ पोर्तुगालमध्ये होती एवढं मला माहीत होतं. आमच्याकडे तिच्या वयाची अशी बरीच माणसं आहेत. युद्ध संपलं तेव्हा घरांत खायला नव्हतं. चर्चच्या लोकांनी मुलांना आगगाडीने आणि बोटीने तिकडे पाठवलं, तिथल्या कुटुंबांनी त्यांना सांभाळलं, अंगावर मांस चढलं की परत पाठवलं. पण मी सून म्हणून त्या घरात होते तेवढ्या वर्षांत हर्मिनने त्याबद्दल एकच वाक्य उच्चारलेलं मला आठवतं, "तिथे संत्री असायची."

"विमान आहे की," मी म्हटलं.

"तेव्हा गेले तर अख्खा आठवडा लागला होता. आता जेवणाच्या आत पोचले तर वाटेल कुठे गेलेच नाही."

"मग गेर्नोटला सांग."

"त्याच्या गाडीत बसायची जागा गरम होते, पण त्याला सवड होत नाही." ती कोंबड्यांकडे वळली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आणि त्याच्यासमोर मला रडता येणार नाही."

शेजारच्या फेर्डलला पेट्यांकडे बघायला सांगितलं आणि करवत काढली.

रिकाम्या पेट्या मागे ओळीने मांडल्या, त्यांवर गोठ्याचं जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर हर्मिनची पिसांची गादी. हा आमचा पलंग. वाइनच्या खोक्यात गॅसची एकच शेगडी बसवली. पाण्याला दुधाचा कॅन. पडद्यांसाठी हर्मिनने नाताळचा टेबलक्लॉथ कापला, त्यामुळे सप्टेंबरच्या उन्हात आमच्या खिडक्यांना हरणं आणि घंटा होत्या. हे सगळं कळलं तेव्हा गेर्नोटचा फोन आला. हर्मिनने तो कानापासून लांब धरला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"आई, तुला वेड लागलंय का? त्या मधाच्या खटाऱ्यातून? ती गाडी शेजारच्या वाइत्सपर्यंत तरी जाईल का?"

"वाइत्स वाटेत नाही," हर्मिन म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही निघालो. गिअर धरायचं काम तिचं. चढ आला की मी "धर!" म्हणायची आणि ती दोन्ही हातांनी दांडा दाबून, गायीचं शिंग धरावं तशी बसायची. सीमा ओलांडून इटलीत उतरलो, सपाट मुलूख लागला तशी म्हणाली, "आता हात रिकामे झाले. आता मी तुझ्या चालवण्यातल्या चुका काढते." आणि खरोखरच काढल्या. मी ट्रकच्या फार जवळून जाते, मी वळणावर बोलते, मी इंडिकेटर उगाच उशिरा देते. आयुष्यात तिने ट्रॅक्टरखेरीज काही चालवलं नव्हतं.

जेनोवाला ती चुका काढायची थांबली. इथूनच त्यांची बोट सुटली होती. बंदराच्या वरच्या रस्त्यावर गाडी लावून आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. खाली मोठाल्या बोटींच्या पोटात गाड्या शिरत होत्या. तिने डोळे बारीक करून खूप वेळ पाहिलं.

"आठवतंय?" मी विचारलं.

"काही नाही. गळ्यात एक पाटी होती नावाची, तिची दोरी टोचायची. ते आठवतंय. समुद्र अजिबात आठवत नाही. एवढा मोठा समुद्र, रिकी, आणि माणूस दोरी लक्षात ठेवतं."

फ्रान्समधून आम्ही हळूहळू गेलो. लग्नाआधी दोन उन्हाळे मी तिथे लॅव्हेंडरच्या शेतांवर मधपेट्या सांभाळायला होते, तेव्हाची थोडी फ्रेंच माझ्याकडे शिल्लक होती. सकाळी मी पाव आणायला जायचे, हर्मिन तोवर गादी झटकायची आणि शेजारच्या चकचकीत कॅम्पर गाड्यांतल्या लोकांना हातवारे करून आमची गाडी दाखवायची. एका डच बाईला तिने गोठ्याचं दार उचलून दाखवलं. ती बाई इतकी हसली की आम्हाला मटाराचं सूप देऊन गेली.

स्पेनमध्ये, झारागोझाच्या पुढच्या कोरड्या माळावर, इंजिन तापलं. मी गाडी एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारात घेतली. सावली कुठेच नव्हती. हर्मिनने म्हटलं, थांबलोच आहोत तर मी केस धुते, आणि कॅनमधलं पाणी तांब्याने डोक्यावर घेत उभी राहिली. मी बॉनेटखाली वाकले होते. तेवढ्यात तो आवाज कानावर आला. माझ्या ओळखीचा आवाज.

माळावर काही फुललेलं नव्हतं आणि आमच्या गाडीला वडिलांच्या काळापासूनच्या मेणाचा वास येत होता. आधी दहावीस मधमाश्या आल्या. मग बघता बघता गाडीभोवती ढग झाला. फटींतून आत शिरत होत्या, पडद्यावरच्या हरणांवर बसत होत्या.

"हर्मिन, हलू नकोस!"

"मी कशाला हलू?" ती डोळे मिटून म्हणाली. डोक्यावर साबणाचा फेस, त्यावर दोन माश्या. "तुझ्या नातेवाईक आहेत ना? त्यांना सांग, मी घरचीच आहे."

मी हळूच तिचा हात धरून तिला पंपाच्या भिंतीआड नेलं. एकही डंख न लागता आम्ही तिथे जमिनीवर बसलो. सूर्य कलला की माश्या आपल्या घरी जातात, तोवर थांबण्यावाचून इलाज नव्हता. फेस तिच्या केसांतच वाळला. आणि असं भिंतीला टेकून बसलेलं असताना, मी काही न विचारता, तिने सांगायला सुरुवात केली.

"सहा वर्षांची होते. वडील रशियातून आलेच नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली. मला तोमार शहराच्या पुढच्या एका गावात देओलिंडा नावाच्या बाईकडे दिलं. तिचा नवरा चपला शिवायचा. त्यांची एक मुलगी होती, ग्रासा, माझ्याहून थोडी मोठी. ती माझं तोंड धुवायची, इतकं घासून, की मी बोंबलायचे. आम्ही एका पलंगावर झोपायचो. मला ते मीना म्हणायचे."

"किती दिवस होतीस?"

"वर्षाच्या वर. परत आले तेव्हा ग्राझच्या स्टेशनवर आई उभी होती. ती माझ्याशी बोलली आणि रिकी, मला एक अक्षर कळलं नाही. जर्मन सगळं गेलं होतं. मी तिच्याकडे बघून पोर्तुगीजमध्ये म्हणाले, मला घरी जायचंय. एका जाणाऱ्या पाद्र्याला ते समजलं आणि त्याने आईला सांगून टाकलं. काय गरज होती त्याला?"

ती बराच वेळ केसांतला वाळलेला साबण खरवडत राहिली.

"आईने मग घरात ती भाषा बंद केली. रागाने नाही गं. घाबरून. मी बोलले की ती रडायची, म्हणून मी बोलायची थांबले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती भाषाही गेली. मग पत्र तरी लिहायचं कुठल्या तोंडाने? आणि नंतर लग्न, गायी, गेर्नोट. माणूस म्हणतं, पुढच्या वर्षी."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो तसाच राहू दिला. आमच्यात असं काही होत नसे.

"आता एकही शब्द येत नाही?" मी म्हटलं.

"एकही नाही. देओलिंडा तर नसणारच. ग्रासा असली तर तिच्यासमोर गायीसारखी उभी राहणार आहे मी."

तोमारच्या पुढचं ते गाव टेकडीच्या उतारावर होतं. ऑलिव्हची झाडं, पांढरी घरं, आणि चौकात एक कॉफीचं दुकान. दुकानातल्या बाईला मी फ्रेंचमध्येच विचारलं, कारण त्या भागातली अर्धी माणसं तरुणपणी फ्रान्समध्ये राबून आलेली असतात. तिने लगेच ओळखलं. "ग्रासा? चांभार झासिंतोची? ती पॅरिसला होती की, तीस वर्षं. लोकांची घरं झाडली आणि इथे स्वतःचं बांधलं. वरच्या गल्लीत जा, अंजिराचं झाड आहे तिथे."

गल्ली इतकी अरुंद होती की दोन्हीकडचे आरसे मिटून गाडी वर न्यावी लागली. अंजिराखाली एक ठेंगणी, रुंद खांद्यांची म्हातारी बसून वाळलेल्या शेंगा सोलत होती. समोर अंगणभर कापडावर घेवड्याचे दाणे वाळत घातलेले. मी उतरून नमस्कार केला आणि फ्रेंचमध्ये म्हटलं, "मी ऑस्ट्रियाहून आले. या हर्मिन. लहानपणी या तुमच्याकडे..."

ग्रासाने हात थांबवले. हर्मिन गाडीच्या दाराला धरून उभी होती, धुतलेला ब्लाउज घालून, केस विंचरून.

"मीना," ग्रासा म्हणाली. पुढे होऊन मिठी वगैरे काही नाही. ती पुन्हा शेंगा सोलू लागली. "उशीर केला तिने. सांग तिला, आई जाऊन तीस वर्षं झाली."

मी सांगितलं. हर्मिनने मान हलवली. "आणखी काय म्हणतेय? तिचा चेहरा बघ. ती खूप काही म्हणतेय."

ग्रासा बोलत होतीच, खाली मान घालून, भराभर. मी सगळं ऐकलं आणि त्यातलं काय गाळता येईल ते बघत होते.

"रिकी," हर्मिन म्हणाली, "जसंच्या तसं सांग. पाणी घालू नकोस."

म्हणून मी सांगितलं. "ती म्हणते, तू गेलीस आणि कोणी वारल्यावर झाकतात तसा आईने घरातला आरसा झाकला. रविवारी तुझं ताट मांडायची, कितीतरी वर्षं. मला नवा फ्रॉक शिवला की म्हणायची, मीनाला हा रंग जास्त शोभला असता. मला हाक मारताना तोंडात तुझं नाव यायचं. मरताना शुद्धीत नव्हती. मी पॅरिसची नोकरी सोडून तिच्या उशाशी बसले होते आणि ती मला म्हणाली, मीना, तू आलीस."

हर्मिनने गाडीचं दार सोडलं. मग म्हणाली, "तिला सांग, मी परत गेल्यावर माझ्या सख्ख्या आईला पुढची दोन वर्षं आई म्हटलं नाही. ती वाट बघायची. मला दिसायचं ती वाट बघतेय ते. आणि मी म्हणत नव्हते."

ग्रासाने ऐकलं. कपाळावरचा घाम पुसला. मग उठली, शेंगांची टोपली कमरेवर घेतली आणि घरात गेली. दार उघडंच होतं, पण आत या असं काही तिने म्हटलं नाही.

"चल," हर्मिन म्हणाली. "ऐकायचं ते ऐकलं. ठीक आहे. तिचं खरं आहे."

गाडी वळवायला जागा नव्हती. अंगणाच्या कोपऱ्यातून मागे घ्यावी लागणार होती. हर्मिन मागच्या बाजूला उभी राहून हात करू लागली. "ये, ये, ये, डावीकडे, अगं डावीकडे!" तिचं डावं-उजवं कुठल्याही दिवशी भरवशाचं नसतं आणि त्या दिवशी तर डोळे भरलेले होते. आवाज ऐकून ग्रासा बाहेर धावत आली आणि ओरडली, पण तोवर मागचं चाक कापडावर चढलं होतं. दाणे फटाफट उडाले, अर्धे गटारात गेले.

ग्रासा हर्मिनवर हात उगारून किंचाळली, "बुर्रा!"

आणि हर्मिनने, माझ्या त्या मुक्या हर्मिनने, कमरेवर हात ठेवून, मान पुढे काढून, सहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात उत्तर दिलं, "बुर्रा एश तू, कों राबू ए तूदू!"

मी इंजिन बंद केलं.

हर्मिनने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, जणू आतून कोणी दुसरंच बोललं होतं. ग्रासाचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. आवाज न करता, पोट धरून, अंजिराच्या खोडाला टेकून.

"काय म्हणाली ती?" मी खिडकीतून फ्रेंचमध्ये विचारलं.

ग्रासाला धड बोलता येईना. "मी म्हटलं गाढव. तर ती म्हणते, गाढव तूच, शेपटीसकट! हे मी शिकवलं होतं तिला. शाळेतल्या पोरांना म्हणायला. देवा रे, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं!"

हर्मिनच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तीही हसत होती, आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, कोणी काढून घेईल अशा भीतीने. मग ग्रासा दगडांवर बसली आणि दाणे वेचू लागली. हर्मिनही गुडघ्यांवर हात टेकत कशीबशी तिच्याशेजारी बसली. मी उतरायला निघाले तर ग्रासाने मला हाताने थांबवलं.

"तू नको. आमचं आहे हे."

संध्याकाळी तिने आम्हाला पानकोबीचं सूप आणि मक्याचा जाड पाव वाढला. आम्ही भेट म्हणून भोपळ्याच्या बियांचं तेल आणलं होतं. आमच्याकडचं ते तेल काळपट हिरवं असतं. ग्रासाने बाटली उजेडात धरली.

"हे जेवणात घालता? मला वाटलं तुमच्या गाडीचं आहे."

मी तिला हर्मिनचं म्हणणं सांगत होते, हर्मिनला तिचं, आणि माझं सूप निवत होतं. मध्येच ग्रासाने मलाच विचारलं, "तू तिची मुलगी का?"

"नाही. तिच्या मुलाची बायको होते. आता नाही."

"म्हणजे कोणीच नाहीस."

"तसं बघितलं तर कोणीच नाही."

"मग इतक्या लांब का आलीस?"

मी सुपात चमचा फिरवला.

"काय विचारतेय?" हर्मिनने मला कोपराने डिवचलं.

"मी का आले म्हणून."

"सांग तिला, गाडी तुझी आहे म्हणून." मग पावाचा तुकडा सुपात बुडवता बुडवता म्हणाली, "आणि सांग, पोटची मुलगी असती तर कधीच म्हणाली असती, आई, पुढच्या वर्षी जाऊ."

आम्ही राहिलो. सुरुवातीला मी मध्ये बसून दोन्हीकडची वाक्यं इकडून तिकडे वाहत होते. मग त्या माझ्याशिवायच उठून जायला लागल्या, कोंबड्यांकडे, देओलिंडाच्या कबरीवर, बाजारात. हर्मिनला एकेक शब्द सापडत होता. पाणी. बोट. झोप. वाक्य होत नव्हतं, पण ग्रासाला ते पुरत होतं. ग्रासाचा एक भाचा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, त्याने माझ्या चौथ्या गिअरला एक स्प्रिंग बसवून दिली. मी म्हटलं, झालं, आता निघू. फेर्डल पेट्यांकडे बघत होता खरा, पण थंडीआधीचं काम मलाच करायला हवं होतं.

हर्मिन अंगणात कपडे वाळत घालत होती. चिमटा दातांत धरून म्हणाली, "मी थोडे दिवस राहते."

"थोडे म्हणजे?"

"ऑलिव्ह उतरवायचे आहेत. ग्रासाच्या खांद्याला जमत नाही."

"आणि तुझ्या गुडघ्याला जमतं?"

"मी खाली बसून वेचीन."

मी "बरं" म्हटलं आणि गाडीत जाऊन गादी झटकायला लागले. झटकत राहिले. मला ग्रासाचा राग आला, खोटं कशाला बोलू? देओलिंडाने मांडलेलं ते रविवारचं ताट मला एकदम समजलं. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी आता कोण येऊन कॉफी मागणार होतं?

हर्मिन बाजूच्या दाराशी येऊन उभी राहिली. दोरी हातात घेऊन.

"रिकी, रुसलीस?"

"नाही."

"रुसलीस. नाक लाल झालंय." ती वर चढली, गोठ्याच्या दारावर माझ्याशेजारी बसली. "गेर्नोटने तुला सोडलं ना, त्या रात्री मी झोपले नाही. मला वाटलं, झालं, आता ही आपल्या माहेरी निघून जाईल आणि मला पुन्हा एकदा स्टेशनवर उभं राहावं लागेल. म्हणून सकाळीच आले वर. कॉफी माझ्या घरी होती गं. भरपूर होती."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या अंगाला साबणाचा आणि ऑलिव्हच्या तेलाचा वास येत होता. ती माझे केस थापटत राहिली, जरा जोरातच. वासराला थापटतात ना, तसं.

"मी परत येणार आहे," ती म्हणाली. "माझ्या कोंबड्या आहेत तिथे. आणि तू रविवारी एकटी पत्ते कशी खेळशील? हरवायला कोणीतरी हवं ना तुला."

"तू लबाडी करतेस."

"म्हणजे दर वेळी तुला कळत होतं!"

मी एकटीने गाडी घेऊन घरी आले. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. कुठे पोचलीस, काय खाल्लंस, ट्रकच्या फार जवळून गेलीस का. मागून ग्रासाचा आवाज यायचा, पोर्तुगीजमध्ये काहीतरी टोमणा, आणि हर्मिन तिला तिच्याच भाषेत एका शब्दात गप्प करायची. झारागोझाच्या माळावर मी थांबले नाही.

जानेवारीत आमच्याकडे गुडघाभर बर्फ पडला होता तेव्हा त्या दोघी विमानाने ग्राझला उतरल्या. गेर्नोटही घ्यायला आला होता, आपली चकचकीत गाडी घेऊन. त्याने आईला मिठी मारली, ग्रासाचा हात हातात घेतला आणि मला म्हणाला, "त्यांना माझ्याकडे दे, रिकी. गाडी गरम आहे."

हर्मिनने त्याच्या गालावर हात फिरवला. "सामान ने तू. सामानाला गरम राहू दे."

मग दोघी माझ्या गाडीकडे आल्या. ग्रासाने डोक्याला लोकरीची शाल गुंडाळली होती. पायरीशी थांबून तिने वाकून बर्फ उचलला, मुठीत दाबला, चाटून बघितला आणि हर्मिनकडे वळून काहीतरी विचारलं. हर्मिनने तिला उत्तर दिलं, लांबलचक, हात हलवत.

मी म्हटलं, "काय म्हणतेय ती?"

"तुला काय करायचंय?" हर्मिन म्हणाली, आणि ग्रासाला मध्ये बसवून स्वतः खिडकीशी बसली. "चल, घे गाडी. आणि बर्फ आहे, सावकाश."

आम्ही तिघी पुढच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. गेर्नोट आमच्या मागून सामान घेऊन येत होता. टेकडीच्या चढाला ग्रासाने माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.